परसातलं खोकड

लंडन ब्रिजजवळची ‘द शार्ड’ ही गगनचुंबी इमारत 2011च्या सुरुवातीला अजून बांधून पूर्ण व्हायची होती. त्या फेब्रुवारीत तिच्या 72व्या मजल्यावर एक खोकड सापडलं. मधल्या जिन्याने ते वर चढलं असावं, आणि कामगारांच्या डब्यांतलं उरलंसुरलं खात सुमारे दोन आठवडे तिथेच मुक्कामाला होतं. त्याला ‘रोमिओ’ असं नाव पडलं. पकडून प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं, तपासलं, खाऊपिऊ घातलं आणि एका रात्री त्याच भागातल्या रस्त्यावर पुन्हा मोकळं सोडलं. बातमी गाजली ती इमारतीच्या उंचीमुळे. खोकडांचा अभ्यास करणाऱ्याचं लक्ष मात्र त्या डब्यांकडे जाईल. जमिनीला नाक लावून गांडुळं आणि उंदीर शोधणारा प्राणी माणसाच्या उष्ट्यामागे कुठवर जातो, याचा तो पुरावा होता.

हे लाल खोकड. वजन पाच ते सात किलो, अंग तांबूस, पाय काळे, शेपटी झुपकेदार आणि टोकाला पांढरी. आपल्याकडे शेताच्या कडेला कोल्हेकुई करतो तो कोल्हा वेगळा. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या माळावर दिसणारं करडं, काळ्या शेपटी-टोकाचं खोकड मात्र याचं जवळचं नातलग. ते वजनाने याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. लाल खोकड युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिकेत दूरवर पसरलेलं आहे, पण ते मागच्या दाराशी येतं, लोक त्याला बशीत खाऊ घालतात आणि शास्त्रज्ञ या सगळ्याच्या नोंदी ठेवतात, हे जितकं ब्रिटनमध्ये घडलं तितकं दुसरीकडे क्वचितच.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडन आणि दक्षिण इंग्लंडमधल्या शहरांभोवती जोडघरांच्या वसाहती पसरत गेल्या. प्रत्येक घरामागे लांबट बाग, हिरवळ, भाजीचे वाफे, एखादं सफरचंदाचं झाड, कुंपणाला दाट झुडपं आणि कोपऱ्यात अवजारं ठेवायचं लाकडी खोपट. खोकडाला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. 1930च्या दशकापासून या वसाहतींत त्यांचं दर्शन नित्याचं झालं. ब्रिस्टल विद्यापीठातल्या स्टीफन हॅरिस यांनी 1977पासून त्या शहरातल्या खोकडांचा पाठपुरावा सुरू केला, आणि शहरी खोकडांबद्दल जगाला आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा वाटा त्या कामातून आला. ब्रिटनच्या शहरांत मिळून तेहतीस हजार खोकडं असावीत असा त्या काळातला अंदाज होता. अलीकडचा अंदाज दीड लाखाच्या घरात आहे. डॉन स्कॉट यांच्या गटाने काढलेल्या आकड्यांनुसार लंडनमध्ये चौरस किलोमीटरमागे सुमारे 18, तर बोर्नमथमध्ये 23 खोकडं राहतात. हॅरो-वेम्बलीकडे नव्याने राहायला गेलेलं मराठी कुटुंब पहिल्याच जानेवारीत मध्यरात्रीच्या किंकाळीने दचकून उठतं, तेव्हा बाहेर कुणावर काही संकट आलेलं नसतं. मादी नराला साद घालत असते.

ही किंकाळी म्हणजे खोकडाच्या वर्षाची सुरुवात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा जोडीचा काळ. मादी जेमतेम तीन दिवस माजावर असते, त्यामुळे नर त्या आठवड्यांत तिची पाठ सोडत नाही. 52-53 दिवसांनी, म्हणजे मार्चच्या मध्याला, चार-पाच पिल्लं होतात. जागा बहुतेकदा त्या लाकडी खोपटाच्या फळ्यांखालची. जन्मलेलं पिल्लू चॉकलेटी रंगाचं असतं, डोळे उघडले की ते निळे दिसतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खोकडाचं वाटतच नाही. एप्रिल संपता संपता ती बाहेर डोकावू लागतात, तोवर तोंडावर तांबूस झाक चढलेली असते. मे-जूनच्या संध्याकाळी खिडकीतला दिवा मालवून शांत बसलं तर हिरवळीवर जे दिसतं ते कुठल्याही माहितीपटाच्या तोडीचं असतं: एकमेकांच्या मानगुटीवर झेपा, शेपटी ओढणं, कुणाचा तरी हातमोजा पळवून त्यावरून भांडण. हिवाळा तोंडावर आला की मोठी झालेली पिल्लं, विशेषतः नर, घर सोडून पांगतात, आणि त्यातली बरीच रस्त्यावर मरतात. बंदिवासात खोकड बारा-चौदा वर्षं जगू शकतं. शहरात बहुतेकांचं दुसरं वर्षही पुरं होत नाही, आणि त्याचं मोठं कारण मोटारी.

शहरी खोकड कचऱ्यावर जगतं अशी सर्वसाधारण समजूत आहे. कचरा ते खातं, पण त्याच्या पोटात गांडुळं, उंदीर-घुशी, पक्षी, भुंगेरे, गळून पडलेली फळं असं बरंच काही असतं. गांडूळ पकडण्याची त्याची रीत ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी 1970च्या दशकात रात्रीच्या अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणीतून तासन् तास पाहिली. निफ नावाची एक मादी तर त्यांनी लहानाची मोठी केली होती. उबदार, ओलसर, वारा नसलेल्या रात्री गांडुळं बिळातून अर्धी बाहेर येऊन गवतावर पसरतात. शेपटाकडचा भाग मात्र बिळात घट्ट रोवलेला. अशा रात्री खोकड हिरवळीवर अगदी सावकाश, कान टवकारून फिरतं. गांडुळाच्या अंगावरचे बारीक ताठ केस गवताला घासले तरी त्याला ऐकू येतं. ते थबकतं, तोंड खाली घालतं आणि गांडुळाचं वरचं टोक दातांत धरतं. आता हिसका दिला तर गांडूळ तुटणार आणि अर्धं बिळात जाणार. म्हणून ते ओढत नाही. गांडूळ ताणलेलं राहील इतपतच धरून क्षणभर थांबतं, गांडुळाची पकड सैल झाली की मान हळूच वर उचलतं, आणि सबंध गांडूळ बाहेर येतं. चांगल्या रात्री एकामागून एक कितीतरी. ज्याच्या परसात साधी हिरवळ आहे आणि त्यावर कीटकनाशक मारलेलं नाही, त्याला हा खेळ फुकट पाहायला मिळतो.

याच प्राण्याची दुसरी सवय कळल्याशिवाय त्याला खाऊ घालण्याचा विचारही करू नये. ती म्हणजे बेगमी. पोट भरलं आणि अन्न उरलं तर खोकड ते सोडून जात नाही. एकेक तुकडा उचलून वेगवेगळ्या ठिकाणी नेतं, पुढच्या पायांनी खळगा करतं, तुकडा आत ठेवतं, नाकाने माती लोटून वरून दाबतं आणि पालापाचोळा सारखा करतं. सगळं एकाच जागी पुरलं आणि कुणाला सापडलं तर सगळंच जाईल, म्हणून ठेवी विखुरलेल्या. निको टिनबर्गन हे प्राणिवर्तनाचे थोर अभ्यासक. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या रेव्हनग्लासच्या वाळूच्या टेकड्यांत त्यांना दिसलं की कुरव पक्ष्यांची अंडी खोकडं हंगामात पुरून ठेवतात आणि पक्षी निघून गेल्यावर येऊन उकरून खातात. मॅकडोनाल्ड यांनी दाखवलं की या जागा खोकडाला नेमक्या आठवतात. नुसत्या वासावर ते विसंबत नाही. आणि कॅनडात प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात डेव्हिड हेन्री यांच्या ध्यानात आलं की रिकाम्या झालेल्या जागेवर खोकड मुतून खूण करून ठेवतं. पुढच्या वेळी तिथे वास आला तर उकरत बसायचं नाही, कारण वास राहतो पण खायला काही नसतं. हिशेब ठेवण्याची ही तऱ्हा हेन्री यांनी 1977मध्ये मांडली, आणि आजही ती वाचताना त्या प्राण्याबद्दल आदर वाटतो.

आता ही सवय जोडघरांच्या वसाहतीत आणून पाहा. एका घरातल्या आजी रोज संध्याकाळी बागेत चार अंडी आणि कोंबडीचे तुकडे ठेवतात. खोकड एक अंडं खातं, उरलेली तीन शेजाऱ्यांच्या कुंड्यांत जातात. शेजारी वसंतात रोपं लावायला माती उकरतो तर आतून शिक्का मारलेलं अख्खं अंडं निघतं. ब्रिटनमधल्या बागकाम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पलीकडच्या घरात फुलांचा वाफा रात्रीत विस्कटलेला असतो, हिरवळीला खड्डे पडलेले असतात. ज्याने काही दिलं नाही त्याच्या वाट्याला उपद्रव येतो आणि तो खोकडं मारणाऱ्याला फोन लावतो. बशी ठेवणाऱ्या माणसाचा हेतू कितीही चांगला असला तरी बशीतलं अन्न त्याच्या कुंपणाच्या आत राहत नाही, ही गोष्ट खोकडाच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

पळवापळवीचा नाद अन्नापुरता नाही. जर्मनीतल्या फ्योरेन गावात 2009मध्ये लोकांच्या दारातले जोडे-चपला नाहीशा होऊ लागल्या. शोध घेतला तेव्हा एका मादीच्या बिळात आणि जवळच्या खाणीत मिळून शंभराहून जास्त पादत्राणं सापडली. माणसाच्या घामाचा वास आणि चावायला मऊ चामडं, पिल्लांना खेळायला आणखी काय हवं?

ब्रिटनमध्ये खोकडाला खायला घालणं कायद्याने गुन्हा नाही, आणि घालणारे पुष्कळ. ब्रिस्टलमधल्या पाहणीत दहातलं एखादं घर असं करताना आढळलं. हा आकडा लहान वाटेल, पण प्रौढ खोकडाला दिवसाला साधारण अर्धा किलो अन्न पुरतं आणि एकच खोकड एका रात्रीत बऱ्याच परसांतून फिरतं. प्रत्येक घराला वाटतं की हे आपलं खोकड. एकाच नराला तीन घरांत तीन नावं असणं सहज शक्य आहे. लोक काय घालतात? कुत्र्याचं डबाबंद अन्न, उकडलेली कोंबडी, कच्ची अंडी, चीजचे तुकडे, शेंगदाणे, जॅम लावलेला पाव. यातलं बरंचसं त्याला पचतं. शिजवलेली हाडं मात्र घशात-आतड्यात रुततात. चॉकलेट, मनुका आणि कांदा ही कुत्र्याला घातक असलेली अन्नं त्याच्यापुढेही ठेवू नयेत, खारवलेलं काही देऊ नये. उन्हाळ्यात पाण्याचं उथळ भांडं ठेवलं तर ते कुठल्याही अन्नापेक्षा त्याच्या जास्त उपयोगी पडतं.

अन्न वाढलं की खोकडांचं आपसातलं जगणं बदलतं. साधारणपणे एक नर, एक मादी आणि कधी आदल्या वर्षीच्या एक-दोन मुली असा त्यांचा कुटुंबकबिला असतो. मुली स्वतः व्यायल्या नाहीत तरी आईच्या पिल्लांना खाऊ आणून देतात, त्यांच्याशी खेळतात. अन्न मुबलक असेल तर कुटुंब मोठं होतं आणि त्याला पुरणारी हद्द लहान होत जाते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिस्टलच्या काही भागांत चौरस किलोमीटरमागे तीसहून जास्त प्रौढ खोकडं होती. इतकी दाटी जगात दुसरीकडे नोंदलेली नव्हती. माणसांनी दिलेलं अन्न हा त्या दाटीचा मोठा आधार होता.

मग 1994च्या वसंतात खरूज आली. सारकोप्टीस नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बोगदे करून अंडी घालतो. खोकड खाजवून खाजवून अंग सोलून काढतं, केस झडतात, शेपटी उघडी पडते, कातडीवर जाड खपल्या धरतात, डोळे चिकटतात. ते उपाशी राहतं आणि काही महिन्यांत मरतं. किडा एका अंगावरून दुसऱ्या अंगावर आणि झोपायच्या सामाईक जागांतून पसरतो, त्यामुळे खोकडं जितकी जवळ राहतील तितकं त्याचं फावतं. दोन वर्षांत ब्रिस्टलमधली 95 टक्क्यांहून जास्त खोकडं गेली. हॅरिस यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांमागून कुटुंबं संपताना पाहिली. ज्या कुटुंबात कुणी वाचलं होतं ते शेजारच्या रिकाम्या हद्दीत हातपाय पसरायचं, आणि जाताना कधी किडाही घेऊन जायचं. खरूज बशीतून आली असं म्हणता येणार नाही. ती इंग्लंडच्या इतर भागांतही आली. पण इतक्या दाटीत ती शिरल्यावर शहर किती वेगाने रिकामं होतं, हे ब्रिस्टलने दाखवलं आणि पुढे अनेक वर्षं तिथलं खोकड दुर्मीळ राहिलं.

खरजेने पिसाटलेलं खोकड परसात आलं की माणसाला राहवत नाही, आणि ते साहजिक आहे. त्यातूनच जॅमच्या पावावर होमिओपॅथीचे थेंब टाकून ठेवण्याची प्रथा ब्रिटनमध्ये रुजली. त्याने खरूज बरी होते याला पुरावा नाही. काही जण जनावरांवर वापरायचं आयव्हरमेक्टिनसारखं खरं औषध अन्नात मिसळून ठेवतात. त्याचा धोका वेगळा: किती खाल्लं, कुणी खाल्लं, गाभण मादीने खाल्लं की शेजाऱ्याच्या कुत्र्याने, यातलं काहीच ठेवणाऱ्याला कळत नाही. कोली जातीच्या काही कुत्र्यांना आयव्हरमेक्टिनचं थोडं जास्त प्रमाणही जिवावर बेततं. आजारी खोकड दिसलं तर त्याचा फोटो काढून, येण्याची वेळ लिहून ठेवून वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेला कळवावं. त्या पिंजरा लावून पकडतात, पशुवैद्याकडे नेतात, बरं झाल्यावर त्याच हद्दीत आणून सोडतात. या कामात स्वतःचे पैसे आणि रात्री घालणारी माणसं तिथे गावोगाव आहेत.

खाऊ घालून खोकड माणसाळतं का? सोकावतं, हे निश्चित. हातातून तुकडा घ्यायला शिकलेलं खोकड पुढच्या परसातल्या अनोळखी माणसाच्या हाताकडेही तसंच बघतं. हल विद्यापीठातल्या ब्लेक मॉर्टन यांच्या गटाने इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या शंभराहून जास्त ठिकाणी खाऊ भरलेली कोड्याची खोकी ठेवली. शहरी खोकडं खोक्याला तोंड लावण्यात ग्रामीण खोकडांपेक्षा धीट निघाली, पण खोकं उघडण्यात सरस ठरली नाहीत. बऱ्याच खोकडांनी त्याची दखल घेऊनही हात लावला नाही. धीटपणा वाढण्यात धोका कुणाला? सर्वात आधी खोकडालाच. 2010च्या जूनमध्ये लंडनच्या हॅकनी भागात खोकडाने घरात शिरून दोन तान्ह्या मुलींना जखमी केलं, आणि 2013मध्ये ब्रॉम्लीत एका बाळाच्या बोटाला इजा झाली. असे प्रसंग फार विरळा. पण एक घडलं की शहरातली सगळी खोकडं मारून टाका अशी ओरड उठते, आणि ओरड करणाऱ्याला कुठलं खोकड कुणाच्या हातून खात होतं याच्याशी देणंघेणं नसतं.

सोकावणं आणि माणसाळणं यांतलं अंतर सायबेरियात मोजलं गेलं. नोवोसिबिर्स्कमध्ये 1959पासून दिमित्री बेल्यायेव आणि ल्युदमिला त्रूत यांनी कातड्यासाठी पाळलेल्या रुपेरी खोकडांतून, म्हणजे लाल खोकडाच्याच एका रंगछटेतून, दर पिढीला सर्वात कमी बुजणारी मोजकी खोकडं निवडून त्यांचीच वीण वाढवली. दहाव्या पिढीत 18 टक्के आणि विसाव्या पिढीत 35 टक्के पिल्लं माणूस दिसताच कुत्र्यासारखी शेपटी हलवत धावत येणारी निघाली. सुरुवातीची खोकडं कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या फार्मवर आधीपासून पिढ्यान्पिढ्या पाळलेल्यांच्या वंशातली होती, हे पुढे स्पष्ट झालं. म्हणजे पाळीव वाटेवरच्या खोकडांवरही इतकी काटेकोर निवड करावी लागली. परसातल्या बशीने अशी निवड होत नाही. शहर मात्र आपल्या परीने निवड करतं: ग्लासगो विद्यापीठाच्या केविन पार्सन्स यांनी 1971 ते 1973 या काळात लंडन आणि भोवतालच्या भागातून जमवलेल्या कवट्या मोजल्या, तेव्हा शहरी खोकडांचं तोंड ग्रामीण खोकडांपेक्षा आखूड आणि रुंद भरलं. पळणाऱ्या उंदरावर झडप घालायला लांब, चपळ जबडा लागतो. पडून असलेलं हाड फोडायला आखूड आणि जोरदार जबडा बरा. शहरात येऊन पन्नास वर्षंही झाली नव्हती.

खोकडाला खाऊ घालून जगाचं भलं झाल्याचं एक उदाहरण आहे, आणि ते स्वित्झर्लंडमधलं. दुसऱ्या महायुद्धानंतर रेबीज खोकडांमार्फत पूर्वेकडून पश्चिम युरोपात सरकत आला. खोकडं मारून, बिळांत विषारी वायू सोडून तो थांबेना. 1978च्या शरद ऋतूत स्विस शास्त्रज्ञांनी ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबड्यांची मुंडकी टाकली. प्रत्येकात लशीची कुपी. खोकडाने मुंडकं चावलं की लस तोंडात. साथीची लाट तिथे अडली. पुढे माशाच्या भुकटीची आमिषं यंत्राने बनवून विमानांतून टाकली गेली. त्यात टेट्रासायक्लिन मिसळलेलं असे, त्याच्या खुणा हाडा-दातांत उमटतात आणि मेलेल्या खोकडाने आमिष खाल्लं होतं का हे सांगता येतं. 1999मध्ये स्वित्झर्लंड आणि 2001मध्ये फ्रान्स रेबीजमुक्त झाला. त्यानंतर झुरिकमध्ये खोकडं झपाट्याने वाढली. तिथल्या खोकडांच्या पोटांची तपासणी केली तर निम्म्याहून जास्त अन्न माणसाकडचं निघालं. त्यांच्या विष्ठेतून एक फीतकृमी पसरतो, ज्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते. तेव्हा शास्त्रज्ञांनी पुन्हा आमिषंच टाकली, या खेपेला जंताच्या औषधाची. जपानच्या होक्काइदो बेटावरही हाच कृमी आहे. पर्यटकांच्या गाड्यांपाशी तोंड वर करून बसणारी खोकडं तिथलं नेहमीचं दृश्य, आणि त्यांना काही देऊ नका अशी तिथल्या यंत्रणांची कळकळीची सूचना.

लंडनकराच्या पाठीशी एक सुरक्षितता आहे: ब्रिटनमध्ये जमिनीवरच्या प्राण्यांतला रेबीज 1922मध्येच संपला. आपल्याकडे तो संपलेला नाही, म्हणून तिथली रीत इथे उचलून आणणं चूक ठरेल. मुंबईच्या कांदळवनांत, विक्रोळी-कांजूरमार्गच्या खाडीकाठी, चारकोप-गोराईकडे, खाडीपलीकडे नवी मुंबईत सोनेरी कोल्हे राहतात. भरतीच्या वेळी ते कोरड्या कडेला येतात, खेकडे-उंदीर खातात, आणि वसाहतीच्या कुंपणापाशी कचऱ्याचा ढीग असेल तर तिथेही येतात. त्याच ढिगावर भटकी कुत्रीही असतात. 2024मध्ये चेंबूर-मानखुर्द भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला. गच्चीवरून कोल्हा दिसला तर जरूर पाहावा, मुलांना दाखवावा. खाली भात-मटण ठेवलं तर ते कोल्ह्याआधी कुत्र्यांच्या तोंडी पडणार आणि दोघांना एका जागी आणणार. कोल्हा वा कुत्रा चावला किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावं.

माळरानावरच्या आपल्या खोकडाची गोष्ट सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नीट तपासली गेली. अबी तमीम वनक यांनी तिथे खोकडांना रेडिओ कॉलर लावून त्यांचं फिरणं टिपलं. गावच्या आणि मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या पोटात मुख्यतः माणसाकडचं अन्न होतं. खोकडाच्या पोटात उंदीर, किडे आणि रानफळं. म्हणजे खाण्यावरून दोघांत भांडण नव्हतं, तरी खोकड कुत्र्यांचा वावर असलेल्या भागापासून दूर राहत होतं. मग त्यांनी ताटलीत खाणं ठेवून प्रयोग केला. कुत्रा नजरेच्या टप्प्यात असला की खोकडं ताटलीतलं कमी खात. शिवाय त्या भागातल्या कुत्र्यांची रक्ततपासणी केल्यावर डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूंचा संसर्ग सर्रास झालेला दिसला. हे विषाणू खोकडालाही होतात. माळावरच्या शेतवस्तीवर उघड्यावर टाकलेली भाकरी खोकडाला जगवत नाही, ती त्याच्या शेजारी आणखी कुत्री पोसते.

हे खोकड पाहायचं तर जानेवारी ते मे हा काळ चांगला. बांधाच्या कडेला किंवा उघड्या माळावर अनेक तोंडांचं बीळ असतं, त्यात दोन ते चार पिल्लं. सकाळी ऊन तापायच्या आत आणि दिवस मावळताना ती बाहेर येतात. गाडीतूनच, चांगल्या दुर्बिणीने आणि बिळापासून भरपूर लांब थांबून पाहावं. आई कान मागे पाडून भुंकू लागली किंवा पिल्लं आत पळाली तर निघावं. सोबत कुत्रा नेऊ नये आणि बिळाची जागा फोटोसोबत जाहीर करू नये. त्याचं जेवण जाणून घ्यायला त्याला काही घालावं लागत नाही. वाटेवरच्या दगडांवर, उंचवट्यांवर ते विष्ठा टाकतं. हात न लावता काडीने उकलून पाहिली की थंडीत बोराच्या बिया दिसतात, पावसाळ्यात भुंगेऱ्यांच्या पंखांची चकचकीत कवचं, आणि बारा महिने उंदरांचे केस आणि बारीक हाडं.